अलार्मला आवडतं गाणं लावावं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधी थोडक्यात सांगा : लावावं की नाही?

गाणं लावा, पण सगळ्यात आवडतं लावू नका. लागलं तर बंद करावंसं वाटत नाही, पण मुद्दाम शोधूनही लावलं जात नाही, असं एखादं गाणं प्रत्येकाकडे असतं. या कामाला तेच घ्या. घाईत असाल तर 'कुठलं गाणं निवडायचं' आणि 'सकाळी वाजलंच नाही' एवढे दोनच प्रश्न वाचा. बाकीचं लोकलमध्ये वाचलं तरी चालेल.

गाण्याने उठलं की ताजंतवानं वाटतं म्हणतात. खरं आहे का?

थोडंफार. डोळे उघडले तरी डोकं लगेच चालू होत नाही. ब्रशवर पेस्टऐवजी शेव्हिंग क्रीम घेतलं जातं ते याच वेळात. ही गुंगी साधारण पंधरा मिनिटं ते अर्धा तास टिकते. झोप अपुरी असेल किंवा अगदी गाढ झोपेतून उठावं लागलं असेल, तर आणखी लांबते. मेलबर्नच्या आरएमआयटी विद्यापीठातल्या संशोधकांनी ५० जणांना त्यांच्या अलार्मबद्दल आणि उठल्यावरच्या अवस्थेबद्दल विचारलं. जानेवारी २०२० मध्ये 'प्लॉस वन' या नियतकालिकात ते प्रसिद्ध झालं. ज्यांचा अलार्म सुरेल होता, म्हणजे ज्याच्याबरोबर गुणगुणता येईल असा होता, त्यांनी गुंगी कमी असल्याचं सांगितलं.

पण माणसं पन्नासच होती आणि माहिती त्यांनीच स्वतःबद्दल दिलेली होती. तेव्हा गाणं म्हणजे रामबाण उपाय असं कुणी सांगत असेल तर मान डोलवा आणि सोडून द्या. रात्री एक वाजता झोपून पाचला उठणाऱ्याला कुठल्याच गाण्याने बरं वाटत नाही. प्रौढ माणसाला सात तास तरी झोप लागते. बदलापूरला राहून फोर्टला नोकरी करणाऱ्याने ती कुठून आणायची, हा प्रश्न वेगळा आहे आणि तो अलार्मने सुटत नाही.

सगळ्यात आवडतं गाणं का नको? त्यानेच तर उठावंसं वाटेल!

पहिल्या आठवड्यात वाटतं. मग हळूहळू गाडं उलटं फिरतं.

पावलॉव्हचा कुत्रा आपण सगळ्यांनी शाळेत वाचलेला असतो. घंटा आणि खाणं पुन्हा पुन्हा बरोबर आलं की पुढे नुसत्या घंटेने त्याला लाळ सुटते. इथे घंटेच्या जागी तुमचं गाणं आहे. आणि खाण्याच्या जागी? साखरझोप मोडणं, अंगावरची चादर फेकणं, नळाला पाणी येऊन किती वेळ झाला याची धास्ती. हे रोज त्याच वेळी, त्याच चार स्वरांबरोबर घडतं. काही दिवसांनी गाणं सुरू झालं की पोटात गोळा येतो, आणि गाण्याची यात काहीच चूक नसते.

घरात हे लक्षातही येत नाही. संध्याकाळच्या गाडीत चौथ्या सीटवर अर्धवट टेकलेले असताना कुणाचा तरी फोन वाजतो, रिंगटोन तीच, आणि आपला हात आपोआप खिशाकडे जातो, तेव्हा कळतं. किंवा हळदीच्या कार्यक्रमात ऑर्केस्ट्रावाला ते गाणं धरतो, सगळे नाचायला उठतात आणि आपल्याला वाटतं, गॅस चालू राहिला की काय!

दुसरं नुकसान जास्त वाईट, असं माझं मत. अलार्मला लावलेलं गाणं तुम्ही कधीच पूर्ण ऐकत नाही. सुरुवातीचा वाद्यमेळ आणि फार तर मुखड्याची पहिली ओळ, की अंगठा स्क्रीनवर. वर्षभरात गाण्याचा तेवढाच तुकडा शेकडो वेळा कानावर पडतो आणि अंतऱ्यात संगीतकाराने जे काही केलंय ते ऐकायची वेळच येत नाही. मग एखाद्या रविवारी निवांत ऐकायला बसलात तरी मुखड्यालाच जीव विटलेला असतो.

काही गाणी तर अजिबात लावू नका : लग्नातलं गाणं, गेलेल्या माणसाची आठवण असलेलं गाणं आणि अंगाई. अंगाई कुणी अलार्मला का लावेल असं वाटेल, पण लावणारे आहेत. 'गोड आहे' म्हणतात. गोड आहे म्हणूनच तर झोप येते.

मग कुठलं गाणं निवडायचं?

गाणं निवडताना पूर्ण गाणं विसरा, पहिले दहा सेकंद ऐका. अलार्मचं काम तेवढ्यातच होतं किंवा बिघडतं.

आपली कितीतरी सुंदर भावगीतं अगदी अलगद सुरू होतात : बासरीची एक लकेर, एखादा आलाप, मग बऱ्याच वेळाने शब्द. जागं असताना हे फार छान वाटतं. झोपलेल्या माणसाच्या बाबतीत पंखा चारवर असतो, खिडकीखालून रिक्षा जात असतात, आणि ती लकेर कुठल्या कुठे विरून जाते. जुन्या हिंदी चित्रपटगीतांत सुरुवातीचा वाद्यमेळ लांबलचक असतो. तो जोरकस असेल तर ठीक, नाहीतर मुखडा येईपर्यंत तुमची ५:४०ची गाडी कांदिवलीला पोचलेली असते. उलट पहिल्याच ठोक्याला ढोल-ताशे फुटणारी गाणी. ती उठवतात, पण दचकवून. काही लोकांना ते मानवतं. मला वाटतं, दिवसाची सुरुवात छातीत धडधड करून घ्यायची असेल तर फोनचा मूळ कर्कश बीप काय वाईट आहे?

आणखी एक गोष्ट लोक विसरतात. फोनचा स्पीकर इवलासा असतो, खालच्या पट्टीचे आवाज त्याला झेपत नाहीत. हेडफोनवर ज्या बेसने छाती हलते, तो फोनमधून जवळजवळ गायब होतो. ढोलाचा घुमारा जातो आणि नुसती टिपरीची टकटक राहते. तबल्यातला डग्गा दबतो, पण चाटीचा आवाज येतो. माणसाचा आवाज, हार्मोनियम, व्हायोलिन, संतूर, सतार, टाळ हे सगळं फोनमधून नीट ऐकू येतं. म्हणून ज्या गाण्याची गंमत ठेक्याच्या दणक्यात आहे ते सोडा आणि ज्याची गंमत चालीत आहे ते घ्या. चाल गुणगुणता यायला हवी, हे वरच्या संशोधनालाही धरून आहे.

लय मध्यम असावी, दादरच्या पुलावरून गर्दी नसताना चालतो तेवढी. आणि शब्दांचाही विचार करा. विरहाची गझल पहाटे पाचला ऐकून दिवसभर कपाळावर आठ्या घेऊन फिरणारे लोक असतात. शिवाय एकत्र कुटुंब असेल तर सासूबाईंनी ऐकले तरी चालतील असे शब्द हवेत. लावणी उत्तम, पण भिंती पातळ असतात.

गाणं ठरलं की रात्रीच परीक्षा घ्या. फोन जिथे ठेवणार तिथे ठेवा, पंखा नेहमीसारखा लावा, दार लोटा आणि बाहेरच्या खोलीत जाऊन ऐका. तिथे पोचतंय म्हणजे उशीशी नक्की पोचेल. गाणं आवडतं पण सुरुवात हळू आहे, अशी अडचण असेल तर रिंगटोन कापायचं एखादं ॲप घेऊन थेट मुखड्यापासूनचा तुकडा काढा आणि तो लावा.

भक्तिगीत किंवा भूपाळी लावली तर?

आपल्याकडे तर उठवण्यासाठीच रचलेल्या गाण्यांची जुनी परंपरा आहे. भूपाळ्या देवाला जागं करायला गायल्या जायच्या आणि त्या निमित्ताने घरही जागं व्हायचं. वासुदेव दारावर यायचा, मंदिरात काकड आरती व्हायची. म्हणजे परंपरेच्या दृष्टीने अलार्मला गाणं हे नवं खूळ मुळीच नाही.

अडचण एकच, आणि ती बरेच लोक बोलून दाखवतात : देवाचं गाणं अर्ध्यावर बंद करायला जीव होत नाही. न बंद करावं तर शेजारची खोली उठते. यावर काही घरांत चांगला तोडगा दिसतो. अलार्मला साधी वाद्यधून ठेवायची, आणि उठून चूळ भरली की स्वयंपाकघरात भूपाळी पूर्ण लावायची. डबा होईपर्यंत दोन-तीन होतात. गाण्याचाही मान राहतो.

सकाळचा राग लावावा असं वाचलं. भूप लावू का?

भूप संध्याकाळनंतरचा, रात्रीच्या पहिल्या प्रहराचा राग. तेच पाच स्वर, सा रे ग प ध, पण वेगळ्या वळणाने येणारा देशकार हा सकाळचा. अगदी पहाटेसाठी ललित, भटियार, भैरव, अहिर भैरव, मग दिवस वर आल्यावर तोडी. वेळेचा नियम तुम्ही मानत असाल तर एवढं पुरे.

मात्र रागाचं संपूर्ण ध्वनिमुद्रण अलार्मला लावू नका. सुरुवातीला तानपुरा आणि मंद्र सप्तकातला, म्हणजे खालच्या पट्टीतला, आलाप असतो. फोनच्या स्पीकरवर मंद्र म्हणजे जवळजवळ शांतता. द्रुत (जलद) बंदिशीचा किंवा सतार-संतूरच्या 'झाल्या'चा, म्हणजे शेवटच्या वेगवान भागाचा, तुकडा कापून घ्या. शुद्धतावादी मंडळी नाराज होतील, पण त्यांना साडेपाचला उठायचं नसतं.

रेडिओ लावून उठायचो तेच बरं होतं की काय?

एका अर्थी, हो. रेडिओवर पुढे काय लागणार हे माहीत नसायचं, त्यामुळे कुठलंच एक गाणं विटायचं नाही. आकाशवाणीची ती सकाळची संकेतधून आठवत असेल तर तिचा जन्म मुंबईशी जोडलेला आहे. नाझींपासून जीव वाचवून मुंबईत आलेले संगीतकार वॉल्टर कॉफमन यांनी ती १९३० च्या दशकात बांधली. पहाटे प्रसारण सुरू होण्याआधी ती वाजायची, आणि पिढ्यान्‌पिढ्या लोक तिच्यावर उठले. आश्चर्य म्हणजे ती कुणाला नकोशी झालेली दिसत नाही. माझा अंदाज असा की ती आपल्याला उठवायला वाजत नव्हती. आईने किंवा आजोबांनी रेडिओ लावलेला असायचा, आपण अंथरुणातूनच ऐकायचो आणि आणखी थोडं पडून राहायची मुभा असायची.

आजही मोबाइलवर रेडिओ ॲपचा अलार्म लावता येतो, पण तो इंटरनेटवर चालतो. जोडीला साधा अलार्म ठेवाच.

आयफोनवर गाणं कसं लावायचं?

क्लॉक ॲपमध्ये अलार्म उघडा, 'साउंड'वर जा, तिथे 'पिक अ साँग' मिळेल. गाणं ॲपलच्या म्युझिक ॲपच्या लायब्ररीत असावं लागतं आणि ते फोनवर डाउनलोड करून ठेवा. यूट्यूब किंवा व्हॉट्सॲपवर आलेली फाइल तिथे दिसत नाही. ज्यांना एवढा खटाटोप नको ते लोक गाण्याचा तुकडा गॅरेजबँड ॲपमधून रिंगटोन करून घेतात.

अलार्मचा आवाज रिंगरच्या पट्टीवर ठरतो. सेटिंग्जमध्ये साउंड्स अँड हॅप्टिक्समध्ये ती पट्टी वर न्या, आणि बाजूच्या बटणांनी ती बदलण्याची परवानगी काढून टाका. नाहीतर रात्री रील बघताना बटण दाबलं जातं आणि सकाळी गाणं कुजबुजतं.

अँड्रॉइडवर?

सोपं आहे. गुगलच्या क्लॉक ॲपमध्ये अलार्मच्या घंटीच्या चिन्हावर दाबा, 'ॲड न्यू' करून फोनमधली कुठलीही ऑडिओ फाइल निवडा. सॅमसंग, शाओमी, विवो यांची घड्याळं दिसायला वेगळी, पण फोनमधली फाइल निवडायची सोय बहुतेकांत असते. गाण्याची फाइल नंतर साफसफाईत उडवू नका. फाइल नसली तर फोन आपली मूळ धून वाजवतो.

स्पॉटिफाय किंवा यूट्यूब म्युझिकवरचं गाणं चालेल का?

गुगलच्या क्लॉक ॲपमध्ये दोन्ही जोडता येतात. स्पॉटिफायची सोय २०१८ पासून आहे. स्पॉटिफाय किंवा यूट्यूब म्युझिकमध्ये ऑफलाइन ठेवलेलं गाणं त्या ॲपच्या बाहेर साधी फाइल म्हणून मिळत नाही, त्यामुळे ते थेट उचलून दुसऱ्या घड्याळात टाकता येत नाही.

पण मी नेटवर चालणारा अलार्म एकटा ठेवणार नाही. वर्गणी संपते, पासवर्ड बदलतो, रात्रीत वायफाय जातं. रविवारी चालेल. ज्या दिवशी मुलाखत आहे किंवा सव्वासातची डेक्कन क्वीन, असं काही असेल त्या दिवशी फोनमधली फाइलच लावावी. (डेक्कन क्वीन सकाळी पुण्याहून निघते आणि मुंबईहून संध्याकाळी, तेव्हा साडेसहाच्या आसपासची घाई पुणेकरांची. आपल्याला काय, रोजचीच.)

सकाळी वाजलंच नाही. काय झालं असेल?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि उत्तर बहुतेक वेळा खालच्यापैकी एक असतं.

फोन बंद झाला. स्मार्टफोनची बॅटरी संपली की बहुतेक फोनांत अलार्मही गेला. जुने साधे नोकिया बंद असतानासुद्धा गजराच्या वेळी जागे व्हायचे, ती सवय मनात बसलेली असते. झोपताना चार्जरला लावताय ना? लावला असेल तर बोर्डाचं बटण चालू आहे का, तेही बघा. घरातला कुणीतरी 'वीज वाया जाते' म्हणून ते बंद करणारा असतोच.

अँड्रॉइडवर अलार्मच्या आवाजाची पट्टी वेगळी असते. रिंगटोन आणि मीडिया पूर्ण वर असून अलार्मची पट्टी शून्याजवळ असू शकते. 'डू नॉट डिस्टर्ब'मध्ये अलार्मला सूट मुळात दिलेली असते, पण ती कधीतरी काढली गेलेली असू शकते. आयफोनवर सायलेंट किंवा डू नॉट डिस्टर्ब असलं तरी क्लॉकचा अलार्म वाजतो.

बाहेरचं अलार्म ॲप वापरत असाल तर बॅटरी वाचवण्याच्या नादात फोन ते ॲप रात्रीत बंद करून टाकतो. विशेषतः चिनी बनावटीच्या फोनांत. त्या ॲपला 'ऑटोस्टार्ट' द्या आणि बॅटरीच्या निर्बंधातून वगळा, किंवा सरळ फोनचंच घड्याळ वापरा.

फेस आयडी असलेल्या आयफोनवर एक चमत्कारिक सोय आहे : तुम्ही फोनकडे बघताय असं त्याला वाटलं की तो आवाज कमी करतो. 'अटेन्शन अवेअर फीचर्स' बंद करून बघा.

आणि शेवटची शक्यता. वाजलं होतं, तुम्हीच झोपेत बंद केलंत. घरच्यांना विचारा, त्यांना पक्कं माहीत असतं.

आवाज हळूहळू वाढत जाणारा ठेवू का?

ठेवा, गाण्याच्या अलार्मला तो शोभतो. पण सुरुवात आधीच हळू असलेलं गाणं आणि वरून हळूहळू वाढणारा आवाज असं दुहेरी करू नका.

स्नूझ करणं वाईट का?

इतकं वाईट नाही, जितकं लोक सांगतात. स्टॉकहोम विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ मध्ये नेहमी स्नूझ करणाऱ्या ३१ जणांना प्रयोगशाळेत झोपवून तपासलं. अर्धा तास स्नूझ केल्याने झोप सरासरी सहा मिनिटांनीच घटली, आणि उठल्याबरोबर घेतलेल्या बौद्धिक चाचण्यांत ते मागे पडले नाहीत, काहींत तर जरा बरेच होते. आईला दाखवायला हा पुरावा चांगला आहे. पण तो अर्ध्या तासाचा आणि नेहमीच्या स्नूझवाल्यांचा आहे, दीड तास लोळण्याचा नाही.

गाण्याच्या दृष्टीने मात्र स्नूझ वाईट. एकाच सकाळी तोच मुखडा चार-चारदा कापला जातो, म्हणजे विटण्याचा वेग चौपट. स्नूझ करणाऱ्याने पहिल्या अलार्मला गाणं आणि शेवटच्याला साधा बीप ठेवावा. बीपचा कितीही तिरस्कार केला तरी बिघडत नाही.

एका खोलीत आम्ही चौघे झोपतो. माझं गाणं सगळ्यांना उठवतं. काय करू?

मुंबईतला खरा प्रश्न हा. दहा बाय बाराच्या खोलीत पहिल्या पाळीचा माणूस साडेचारला उठणार आणि रात्रपाळीवाला नुकता आडवा झालेला.

पहिला उपाय म्हणजे गाणं सोडा. हातातल्या घड्याळाचा किंवा फिटनेस बँडचा थरथरणारा अलार्म फक्त तुम्हालाच उठवतो. तो नसेल तर फोन व्हायब्रेटवर उशीखाली ठेवायचा मोह होतो, तो टाळा. चार्जिंगला लावलेला फोन उशीखाली तापतो. उशीच्या कडेला, चार्जर काढून ठेवा.

दुसरा उपाय जरा मजेशीर आहे. घरात प्रत्येकाचं गाणं वेगळं ठरवा आणि ते बदलू नका. झोपेतही मेंदू ऐकत असतो आणि आपल्या कामाचं काय ते निवडतो. १९६० साली इयन ऑस्वल्ड आणि सहकाऱ्यांनी झोपलेल्या लोकांना नावं ऐकवली, तेव्हा स्वतःच्या नावाला मिळालेला प्रतिसाद इतर नावांपेक्षा जास्त होता. तान्ह्या बाळाच्या हुंकाराने आई उठते आणि बाबा घोरत राहतात, तसंच हे. काही दिवसांनी धाकटा भाऊ तुमच्या गाण्यावर कूस बदलून झोपून राहील. अर्थात तुम्ही पहिल्या कडव्याच्या आत बंद केलंत तर. फोन खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवून तिघांना ओलांडत जाण्याचा जो सल्ला सगळीकडे दिला जातो तो हॉल-किचनमध्ये राहणाऱ्याने दिलेला नसतो.

चाळीत शेजाऱ्यांचाही विचार करा. लाउडस्पीकरला रात्री १० ते सकाळी ६ कायद्याने मनाई आहे. फोनला तो नियम कुणी लावणार नाही, पण ब्लूटूथ स्पीकरवर चार वाजता गाणं लावलंत तर चाळच नियम करेल.

बाबांना अलार्म ऐकूच येत नाही. आवाज पूर्ण वर आहे.

वय झालं की आधी वरच्या पट्टीचे, बारीक आवाज ऐकू येईनासे होतात. फोनचा बीप नेमका तसाच असतो. आग लागल्याची सूचना देणाऱ्या यंत्रांवर ऑस्ट्रेलियात डोरोथी ब्रुक आणि इयन थॉमस यांनी बरंच काम केलं. नेहमीच्या सुमारे ३,१०० हर्ट्झच्या किंचाळीपेक्षा ५२० हर्ट्झचा, भरपूर उपस्वर असलेला भरीव आवाज म्हाताऱ्यांना, मुलांना आणि कमी ऐकू येणाऱ्यांना अधिक चांगला जागं करतो असं दिसलं.

तेव्हा बाबांना मधल्या पट्टीतला भरदार पुरुषी आवाज किंवा हार्मोनियमने सुरू होणारं गाणं लावून द्या. गाणं त्यांनाच निवडू द्या, आपलं लादू नका. श्रवणयंत्र रात्री काढून ठेवत असतील तर फोनचा फ्लॅश लुकलुकण्याची किंवा थरथरण्याची सोय जोडीला द्या.

मुलांना शाळेसाठी उठवायला गाणं?

लहान मुलांना उत्तम, खेळ म्हणून. दर आठवड्याला त्यांनीच गाणं निवडायचं. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य शासनाने पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत असं सांगितलं, ते मुलांच्या झोपेचाच विचार करून. दहावी-बारावीच्या मुलांना मात्र रात्री लवकर झोपच येत नाही. त्या वयात शरीराचं घड्याळ पुढे सरकतं. त्यांना आळशी म्हणू नका. गाणंही बहुधा चालणार नाही. हाकच मारावी लागते.

पहाटे अंधारात गाण्याने जाग येते, पण डोळे उघडत नाहीत.

शरीराला सकाळ झाली हे मुख्यतः उजेडाने कळतं. मुंबईत जूनमध्ये सूर्य सहाच्या सुमाराला उगवतो, जानेवारीत सव्वासातच्या आसपास. त्यातून समोरची इमारत हाताच्या अंतरावर असेल तर बाराही महिने अंधारच. गाणं वाजलं की ट्यूबलाइट लावा. घरातले ओरडले तर बाल्कनीत किंवा मोरीत जाऊन लावा, पण लावा.

स्मार्ट स्पीकरला 'अमुक गाणं लावून उठव' सांगितलं तर?

छान चालतं, जोवर वीज आणि वायफाय आहे. मुंबईत वीज सहसा जात नाही म्हणून आपण गाफील असतो. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी अख्खी मुंबई बंद पडली होती, लोकलसकट. महत्त्वाच्या दिवशी फोनवरही लावून ठेवा.

लोकलमध्ये डुलकी लागते. स्टेशनसाठी गाण्याचा अलार्म लावू का?

डब्यात मोठ्याने? नको. आधीच कुणाचं भजनी मंडळ, कुणाचा व्हिडिओ कॉल. आणि इअरफोन लावलेत म्हणून निर्धास्त राहू नका, आयफोनचा अलार्म इअरफोनबरोबर फोनच्या स्पीकरवरही वाजतो. थरथरणारा अलार्म लावून फोन हातात धरा. वेळेवर लावलेला अलार्म गाडी उशिरा धावली की ठाण्याऐवजी मुलुंडला उठवतो, म्हणून ठिकाण आल्यावर वाजणारं ॲप बरं. शेजारच्या काकांना 'ठाणं आलं की उठवा' सांगणं त्याहून बरं. ते कधी विसरत नाहीत.

गाणं किती दिवसांनी बदलावं?

गाणं ऐकून कपाळाला आठी पडली की. तारखा ठरवू नका. खूप लवकर बदललंत तर कानाला त्याची ओळख होत नाही, आणि फार ताणलंत तर एकतर ते ऐकू येणं बंद होतं किंवा असह्य होतं. ऋतू बदलला की बदलणारे काही लोक आहेत. पावसाळ्यात आवाज मोठा लागतो, पत्र्यावर पाऊस पडत असतो.

एक आवडतं गाणं असंच नासलंय. परत मिळेल का?

बहुधा मिळतं, पण सवड द्यावी लागते. आधी ते अलार्मवरून काढा, रिंगटोनवरूनही. काही आठवडे अजिबात ऐकू नका. मग सकाळ सोडून भलत्याच वेळी ऐका : रात्री भांडी आवरून झाल्यावर, मरीन ड्राइव्हवर, गणपतीत गावी जाताना कोकणकन्येत. मुखड्यापासून सुरू करू नका, थेट दुसऱ्या अंतऱ्यावर जा, कारण तो भाग तुम्ही कधी अलार्ममध्ये ऐकलेलाच नाही. शक्य असेल तर मैफलीतलं किंवा दुसऱ्या कुणी गायलेलं रूप ऐका, म्हणजे ते ओळखीचे पहिले चार स्वर तसेच्या तसे येणार नाहीत. धास्ती कमी होत जाते. एखाद्या थकल्या सकाळी ती परत डोकावेल, तेवढ्याने घाबरायचं कारण नाही.

मला अलार्मच्या आधीच जाग येते. मग गाणं कशाला?

रोज ठरलेल्या वेळी झोपणाऱ्या-उठणाऱ्यांना येते. तुम्ही नशीबवान. तरी अलार्म काढून टाकू नका, ज्या दिवशी काढाल त्याच दिवशी डोळा लागेल. जाग आली की गाणं वाजायच्या आधी तो फक्त आजच्यापुरता बंद करा. अँड्रॉइडवर येऊ घातलेल्या अलार्मची सूचना वर दिसते, तिथूनच तेवढ्या दिवसाचा रद्द करता येतो. पूर्ण स्विच बंद केलात तर उद्याचाही गेला, आणि काहीच बंद न करता आंघोळीला गेलात नि तो घरभर वाजत बसला तर चहा कुणी देणार नाही.